धूम्रपानाचे दुष्परिणाम आणि वाहन चालविताना बंदीचा प्रश्न

तंबाखू पाचव्या शीलात येते काय, हा प्रश्न आपल्या विहारांतून वर्षावासातील प्रवचनानंतर हमखास निघतो. विचारणारा बहुधा स्वतः विडी ओढणारा असतो. त्याचा मुद्दा असा असतो की, शीलात सुरा आणि मद्य यांची नावे आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारूचे नाव आहे. विडी-सिगारेटचे नाव मात्र कोठेच नाही. म्हणणे खरे आहे, नाव नाही. पण ते असणार तरी कसे? तंबाखूचे झाड मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीजांनी ते या देशात आणले तेव्हा भगवान बुद्धांच्या महापरिनिर्वाणाला दोन हजार वर्षे होऊन गेली होती.

पाली विषय घेतलेला एखादा विद्यार्थी तर याच्याही पुढे जातो. विनयपिटकातील महावग्गात, औषधांच्या प्रकरणात 'धूमनेत्त' म्हणजे धूर ओढण्याच्या नळीची भिक्खूंना अनुज्ञा दिल्याचा उल्लेख आहे, तो तो काढून दाखवितो. उल्लेख आहेच. परंतु तो पिलिन्दवच्छ स्थविरांच्या मस्तकपीडेवरील उपचाराचा आहे. आधी डोक्याला तेल, मग नाकात औषध आणि त्यानेही बरे वाटेना तेव्हा औषधी धूर, असा तो क्रम आहे. आजाऱ्याला दिलेला वाफारा आणि धडधाकट माणसाने दिवसाला दोन बंडल ओढणे यांत काही साम्य आहे असे मला वाटत नाही.

खरा विचार करण्यासारखा भाग निराळाच आहे. पाचव्या शीलात मद्याचे नाव घेऊन थांबलेले नाही, कारणही दिले आहे. ते कारण म्हणजे प्रमाद, म्हणजेच गाफीलपणा. मद्य वाईट ते त्याच्या रंगामुळे किंवा वासामुळे नव्हे, तर त्याने माणूस बेसावध होतो म्हणून. आता विडीने माणूस झिंगत नाही, आईबापांना ओळखेनासा होत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. ओट्यावर बसून विडी ओढणारे आजोबा प्रमादात पडले असे कोणी म्हणणार नाही. पण तीच विडी तोंडात धरून, एका हाताने काडी पेटवीत, अठरा माणसे भरलेली जीप चालविणाऱ्याला काय म्हणावे? आणि ज्यांनी कधी विडीला हात लावला नाही अशा त्या अठरा जणांच्या छातीत जो धूर जातो, तो तर पाचव्याचा नव्हे, पहिल्याच शीलाचा प्रश्न आहे.

धूर शरीरात काय करतो

विडी-सिगारेटच्या धुरात सात हजारांहून अधिक रासायनिक द्रव्ये असतात आणि त्यांपैकी सुमारे सत्तर द्रव्ये कर्करोग निर्माण करणारी आहेत, हे आता सिद्ध झालेले आहे. त्यांत बेंझिन आहे, फॉर्माल्डिहाइड आहे, आर्सेनिक म्हणजे सोमल आहे, कॅडमियम आहे. सर्वसामान्य वाचकाने मात्र तीनच नावे लक्षात ठेवली तरी पुरे. ती म्हणजे निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड.

निकोटीन हे सवय लावणारे द्रव्य. झुरका घेतल्यापासून सुमारे दहा सेकंदांत ते मेंदूपर्यंत पोहोचते. इतक्या लवकर बक्षीस मिळाले की मेंदू ते विसरत नाही, आणि दीड-दोन तासांनी पुन्हा मागू लागतो. न मिळाल्यास माणूस चिडतो, त्याचे लक्ष लागत नाही. मग विडी ओढली की बरे वाटते, आणि तो समजतो की विडीने डोके चालते. वस्तुतः विडीनेच बिघडवलेले विडीने तात्पुरते सावरलेले असते.

डांबर म्हणजे धुरातील चिकट काळा भाग. श्वासनलिकेच्या आतील बाजूस केसासारखे बारीक तंतू असतात, ते धूळ आणि कफ वर ढकलीत असतात. हे डांबर त्यांना लुळे करते. त्यामुळे सकाळचा खोकला, पुढे जुनाट दमा, फुप्फुसांच्या पिशव्या फुटणे, आणि घसा, स्वरयंत्र व फुप्फुस यांचा कर्करोग.

कार्बन मोनॉक्साइड हा वायू मोटारीच्या धुरातही असतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. त्यामुळे रक्त फिरत असते, पण प्राणवायू पुरेसा नेत नाही. हृदयाला जास्त काम पडते. रक्तवाहिन्या आकसतात, हृदयविकार व पक्षाघात यांचा धोका वाढतो. तरुण वयात विडी ओढणाऱ्यांत पायाच्या बोटांपासून सुरू होणारा एक रोग आढळतो. बोटे थंड पडतात, काळी पडतात आणि शेवटी कापावी लागतात. डॉक्टर त्याला बर्जर रोग म्हणतात. त्यावर पहिले औषध एकच, विडी कायमची सोडणे. बाकीचे उपचार त्यानंतर.

हे ज्ञान काही कालपरवाचे नाही. इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० साली सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविला. त्यानंतर १९५१ पासून त्यांनी तेथील डॉक्टरांच्याच सवयी आणि मृत्यू यांची नोंद ठेवण्यास सुरुवात केली, आणि ती नोंद पन्नास वर्षे चालली. २००४ साली प्रसिद्ध झालेला तिचा निष्कर्ष असा की, आयुष्यभर सिगारेट ओढणारा माणूस न ओढणाऱ्यापेक्षा सरासरी दहा वर्षे आधी मरतो. त्याच अभ्यासातील दुसरी बाजू आशादायक आहे. साठाव्या वर्षी सोडली तर गमावलेल्यांपैकी सुमारे तीन वर्षे परत मिळतात, पन्नासाव्या वर्षी सोडली तर सहा, चाळीसाव्या वर्षी नऊ, आणि तिसाव्या वर्षी सोडली तर जवळजवळ सगळीच. 'आता या वयात सोडून काय उपयोग' असे म्हणणाऱ्या काकांना हे आकडे अवश्य दाखवावेत.

आपल्या देशातील अभ्यास आपल्याला अधिक जवळचे वाटतील. २००८ साली प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील मृत्यूंचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाचे आयुष्य सुमारे दहा वर्षांनी, विडी ओढणाऱ्या पुरुषाचे सुमारे सहा वर्षांनी आणि विडी ओढणाऱ्या स्त्रीचे सुमारे आठ वर्षांनी कमी होते. विडीत तंबाखू सिगारेटच्या साधारण पाव भागच असते, म्हणून ती सौम्य, असा जो समज आहे तो यामुळे खोटा ठरतो. तेंदूचे पान नीट जळत नाही. विडी विझू नये म्हणून माणूस घाईघाईने आणि खोल झुरके घेतो, त्यामुळे तंबाखू कमी असूनही डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड छातीत भरपूर जातो.

क्षयरोगाविषयी आणखी थोडे. आपल्या वस्त्यांमध्ये क्षयाने किती घरे बसली, हे वडीलधाऱ्यांना सांगायला नको. २००३ साली तामिळनाडूतील मृत्यूंचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात धूम्रपान करणाऱ्या पुरुषांमध्ये क्षयाने मरण्याचे प्रमाण न करणाऱ्यांच्या सुमारे चौपट आढळले. क्षयाचे जंतू अनेकांच्या शरीरात निद्रिस्त असतात. धुराने दुबळे झालेले फुप्फुस त्यांना जागे व्हायला वाव देते. कोंदट खोली, अपुरे अन्न आणि वर विडी, असा हा मेळ आहे.

येथे विषयाला सोडून, पण आपल्यासाठी महत्त्वाची अशी एक गोष्ट सांगितली पाहिजे. २०१६-१७ च्या प्रौढांच्या तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ शेकडा ३.८ इतकेच आहेत, परंतु तंबाखू खाणारे किंवा लावणारे शेकडा २४.४ आहेत. म्हणजे आपल्या राज्याचे मोठे दुखणे धूर नसून मळलेली तंबाखू, मिश्री, गुटखा आणि विदर्भातला खर्रा हे आहे. २०१२ साली राज्यात गुटख्यावर बंदी आली. ती किती पाळली जाते हे पानटपरीसमोर दोन मिनिटे उभे राहिल्यास दिसते. तोंड न उघडणे आणि तोंडाचा कर्करोग यांवर स्वतंत्र लेख व्हावा. या लेखात मी धुरापुरतेच लिहीत आहे, कारण खाल्लेली तंबाखू खाणाऱ्यालाच मारते, धूर मात्र शेजाऱ्यालाही सोडत नाही.

शेजाऱ्याच्या छातीतला धूर

जपानमध्ये ताकेशी हिरायामा यांनी १९८१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्वतः कधीही सिगारेट न ओढणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची चौदा वर्षांची नोंद त्यात होती. ज्यांचे पती जास्त सिगारेट ओढत, त्या स्त्रियांना फुप्फुसाचा कर्करोग होण्याचे प्रमाण अधिक निघाले. सिगारेट कंपन्यांनी या अभ्यासावर बरीच टीका केली, पण पुढे अनेक देशांतून तसेच निष्कर्ष आले. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ सालच्या अहवालात तर असे नमूद आहे की, दुसऱ्याच्या धुराचे 'इतके चालेल' असे सुरक्षित प्रमाण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने तंबाखूमुळे जगात दरवर्षी ७० लाखांहून अधिक माणसे मरतात, आणि त्यांत दहा लाखांहून अधिक अशी आहेत की ज्यांनी स्वतः धूम्रपान केलेले नव्हते.

मुलांना याचा त्रास अधिक होतो. लहान मूल मोठ्या माणसापेक्षा भरभर श्वास घेते, त्याची फुप्फुसे वाढीस लागलेली असतात, आणि मुख्य म्हणजे ते उठून बाहेर जाऊ शकत नाही. दमा, न्यूमोनिया, कान फुटणे ही दुखणी धुराच्या घरातील मुलांना जास्त होतात.

आता हाच धूर मोटारीत किती दाट होतो, याचा साधा हिशेब करू. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच खोलीत एक हजार घनफूट हवा असते. लहान मोटारीच्या आत साधारण शंभर घनफूट. म्हणजे एका सिगारेटचा धूर खोलीच्या एक दशांश जागेत कोंडला जातो. काचा उघडल्याने तो कमी होतो हे खरे, पण संपत नाही. उलट पुढच्या खिडकीतून येणारा वारा तो मागच्या सीटवर नेऊन सोडतो, आणि मागे बहुधा बायका-मुले असतात. गाडी थांबल्यावरही सीटच्या कापडाला, छताला धुराचा अंश चिकटून राहतो. जुनी गाडी घेताना नाकाला जो वास येतो तो हाच.

येथे थोडी सावधगिरी बाळगली पाहिजे. मोटारीतला धूर घरापेक्षा तेवीस पट विषारी असतो, असे वाक्य वर्षानुवर्षे सांगितले जात होते. २०११ साली ब्रिटनमधील डॉक्टरांच्या संघटनेनेही ते आपल्या निवेदनात वापरले, आणि त्याला पुरावा नाही असे दिसताच आकडा अकरावर आणला. आपली बाजू खरी असताना फुगवलेला आकडा सांगू नये. समोरचा एक आकडा खोटा पाडतो आणि सगळेच खोटे असे म्हणून मोकळा होतो.

चालकाचे लक्ष

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. सिगारेट खिशातून काढणे, तोंडात धरणे, काडी ओढणे, वाऱ्यापासून ती ओंजळीत जपणे आणि पेटल्यावर काडी बाहेर टाकणे या कामाला तीनच सेकंद लागतात असे धरले, तरी तेवढ्यात ५० मीटर रस्ता मागे पडतो. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. तेथे तीन सेकंद म्हणजे १०० मीटर. तेवढा रस्ता गाडी एका हाताने आणि अर्ध्या नजरेने चालविली जाते. स्कूटर-मोटारसायकलवाल्याचे तर विचारूच नका; त्याची राख मागून येणाऱ्याच्या डोळ्यात जाते.

पेटविण्यापेक्षाही धोका निखारा पडण्याचा. विडीचे जळते टोक मांडीवर किंवा दोन पायांच्या मध्ये सीटवर पडले की, कितीही निष्णात चालक असला तरी त्याचे दोन्ही हात आपोआप खाली जातात. हा शरीराचा धर्म आहे, त्याला शिस्त लावता येत नाही. शिवाय थोटूक खिडकीतून फेकायचे. ते मागच्या ट्रकमधील कडब्यावर पडेल, रस्त्याकडेच्या वाळलेल्या गवतावर पडेल की सी.एन.जी. भरण्याच्या रांगेत पडेल, हे फेकणाऱ्याला ठाऊक नसते.

'विडी ओढली नाही तर ड्रायव्हरला झोप लागेल' हे वाक्य रात्रीच्या प्रवासात प्रत्येकाने ऐकले असेल. निकोटीन थोडा वेळ तरतरी आणते, हे नाकारता येत नाही. पण ती तरतरी झोपेची भरपाई नव्हे. थकलेला मेंदू उघड्या डोळ्यांनीही दोन-तीन सेकंद डुलकी काढतो, आणि तोंडात विडी असली म्हणून ती डुलकी टळत नाही. त्यात बंद केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइड रक्तात भिनला की जडपणा वाढतो. झोपेवर उपाय एकच आहे, तो म्हणजे गाडी बाजूला घेऊन झोपणे. मालकाला ते परवडत नाही, भाड्याने गाडी करणाऱ्याला सकाळी सहाला पोहोचायचे असते, आणि मग सगळेच मिळून चालकाला विडीचे बंडल आणून देतात. या गोष्टीत एकट्या चालकाला दोष देणे मला अन्यायाचे वाटते.

कायदा आज काय म्हणतो

सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीच्या इतिहासात महाराष्ट्राचा वाटा आहे. मुंबईचे नेते मुरली देवरा यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने रुग्णालये, शाळा, वाचनालये, कचेऱ्या व रेल्वेसह सार्वजनिक वाहने यांत धूम्रपानास मनाई करण्याचे आदेश दिले. त्याआधी १९९९ साली केरळ उच्च न्यायालयाने तसाच निर्णय दिला होता. २००३ साली संसदेने सिगारेट व इतर तंबाखू उत्पादनांचा कायदा केला. त्याच्या कलम ४ ने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास बंदी घातली, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून त्याचे सुधारित नियम अमलात आले. दंड २०० रुपयांपर्यंत. सार्वजनिक ठिकाणाच्या व्याख्येत सार्वजनिक वाहने येतात. म्हणून एस.टी., रिक्षा, टॅक्सी, भाड्याची जीप यांत प्रवाशानेही विडी पेटविणे गुन्हा आहे.

चालकासाठी आणखी एक तरतूद आहे, ती फारशी कोणाला माहीत नसते. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम १९ परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला चालकाचा परवाना काही काळ काढून घेण्याचा अधिकार देते. कोणत्या कृत्यांसाठी, त्याची यादी केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम २१ मध्ये आहे. त्या यादीत प्रवासी वाहन चालविताना धूम्रपान करणे हे स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणजे बंदी असावी की नसावी हा वाद भाड्याच्या प्रवासी गाडीपुरता संपलेलाच आहे. बंदी आहे. तिचा उपयोग आपण करीत नाही, इतकेच.

प्रश्न उरतो खासगी मोटारीचा. २००३ च्या कायद्याच्या व्याख्येत तिचे नाव नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने बिहारच्या दारूबंदी कायद्याखालील एका प्रकरणात, सार्वजनिक रस्त्यावरील खासगी मोटार हीदेखील त्या कायद्यापुरती सार्वजनिक जागा ठरते, असा निर्णय दिला. पण तो दारूविषयी आहे. सिगारेटला तो जसाच्या तसा लावता येईल असे समजू नये. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली सुधारणा झाली तेव्हा हातात मोबाइल धरून बोलणे हे धोकादायक वाहन चालविण्यात स्पष्टपणे घातले गेले. सिगारेट घातली गेली नाही.

खासगी मोटारीतही बंदी असावी काय

इतर देशांनी काय केले ते पाहणे उपयोगी आहे. दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्याने २००७ साली, सोळा वर्षांखालील मूल गाडीत असताना धूम्रपानास बंदी केली. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०१५ पासून अठरा वर्षांखालील कोणी गाडीत असल्यास बंदी आहे. ज्या मोटारीचे छप्पर पूर्ण उघडलेले आहे तिला सूट, पण नुसती काच खाली केली तर सूट नाही. फ्रान्स, आयर्लंड, न्यूझीलंड यांनीही मुलांसाठी असेच कायदे केले. ज्या मॉरिशस बेटावर ऊसमळ्यांत मजुरी करायला गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आजही राहतात, तेथे २००९ पासून प्रवासी बरोबर असताना खासगी मोटारीतही धूम्रपान चालत नाही. एकटा चालक मात्र इंग्लंडमध्ये मोकळा आहे. तेथील वाहतूक नियमावली धूम्रपानाला लक्ष विचलित करणाऱ्या गोष्टींत गणते आणि टाळायला सांगते, पण केवळ तेवढ्यावरून दंड होत नाही.

विरोधकांचे म्हणणे असे की, माझी गाडी माझे घर आहे. सरकारने तेथे डोकावू नये. गाडी घर असती तर तिला नंबरप्लेट, विमा आणि परवाना लागला नसता. सार्वजनिक रस्त्यावर एक टन लोखंड वेगाने नेण्याची परवानगी आपण समाजाकडून घेतो, तेव्हा अटीही समाजाच्या असणार. दुसरे म्हणणे असे की, मग चहा पिणे, गाणे बदलणे, बायकोशी वाद घालणे यावरही बंदी घाला. यात थोडे तथ्य आहे. पण चहा पेटत नाही, आणि त्याची वाफ मागच्या सीटवरील मुलाचे फुप्फुस बिघडवीत नाही.

तिसरा आक्षेप मला खरा वाटतो आणि तो आपल्या समाजाने नीट विचारात घ्यावा असा आहे. बंदीचा दंड कोण भरणार? काळ्या काचांच्या, वातानुकूलित मोटारीत सिगारेट ओढणारे साहेब चौकातल्या हवालदाराला दिसत नाहीत. दिसतो तो उघड्या रिक्षातला आणि ट्रकच्या केबिनमधला. पावती फाडण्याऐवजी चिरीमिरीवर मिटविण्याची आणखी एक सोय व्हायची आणि ती आपल्याच मुलांच्या खिशातून जायची, ही भीती निराधार नाही. आपल्या वस्तीतील किती तरुण रिक्षा, टेम्पो आणि ट्रक यांवर पोट भरतात, हे मी कर्जाच्या हप्त्यांच्या नोंदी करताना रोज पाहतो.

विडीचा दुसरा धागाही आपल्याशी जोडलेला आहे. 'जय भीम' हा अभिवादनाचा शब्द ज्यांनी रूढ केला ते कामठीचे बाबू हरदास हे विडी कामगारांचे नेते होते. ठेकेदारांच्या पिळवणुकीतून त्या कामगारांना सोडविण्यासाठी त्यांनी संघटना उभारली, सहकारी तत्त्वावर विड्यांचे काम सुरू करून पाहिले, १९३७ साली कायदेमंडळावर निवडून आले आणि १९३९ साली अवघ्या पस्तिसाव्या वर्षी क्षयाने गेले. विदर्भात, सोलापुरात, सिन्नरमध्ये आजही हजारो स्त्रिया दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. तंबाखूची धूळ नाकातोंडात जाते, खोकला लागतो, आणि हातात पडतात ते मोजके पैसे. विडी ओढणे थांबावे असे म्हणताना या हातांना दुसरे काम कोणते, हेही त्याच दमात विचारले पाहिजे.

सरसकट बंदीचे काय होते, याचे उदाहरण बौद्ध देशाचेच आहे. भूतानने २००४ साली तंबाखूच्या विक्रीवर देशभर बंदी घातली. सीमेपलीकडून, म्हणजे आपल्याकडूनच, चोरटा माल जाऊ लागला. २०१० साली कायदा आणखी कडक केला, आणि २०११ साली थोडीशी खाण्याची तंबाखू जवळ सापडली म्हणून एका तरुण भिक्खूला तीन वर्षांची शिक्षा झाली. त्यावर देशातच ओरड झाली, कायदा सौम्य करावा लागला, आणि शेवटी २०२१ साली कोरोनाच्या काळात सीमेवरची चोरटी वाहतूक रोखण्यासाठी विक्रीवरील बंदीच उठविण्यात आली. हेतू चांगला असूनही शिक्षा अपराधाच्या मानाने भलतीच झाली की लोकांची सहानुभूती कायद्याला राहत नाही.

म्हणून माझे मत असे आहे. सगळीकडे, सर्वांना बंदी असा कायदा मी मागणार नाही. परंतु वाहन चालत असताना चालकाच्या हातात पेटलेली विडी-सिगारेट नको; मोबाइलला जो नियम लावला तोच तिला लावावा, आणि तो खासगी मोटारीलाही असावा. गाडीत मूल किंवा गरोदर स्त्री असेल तर कोणीच ओढू नये, चालक असो वा मालक. पहिल्या वेळी दंड न करता समज द्यावी, आणि तक्रार करण्याचा हक्क प्रवाशाला असावा, नुसता पोलिसाला नव्हे. यातील पहिला भाग मान्य नसलेले सभासद आपल्या संस्थेत आहेत. त्यांचे म्हणणे असे की एकटा माणूस स्वतःचा जीव धोक्यात घालीत असेल तर घालू द्यावा. रस्त्यावर तो एकटा नसतो, एवढेच माझे उत्तर.

विद्यार्थ्यांसाठी एक हिशेब देतो. रोज पन्नास रुपयांची सिगारेट ओढणाऱ्याचे महिन्याला दीड हजार रुपये जातात. तेच दीड हजार आवर्ती ठेवीत टाकले तर पाच वर्षांत नव्वद हजार मुद्दल होते, व्याज निराळे. पदवीनंतरच्या एखाद्या अभ्यासक्रमाची फी त्यातून निघते. आणि 'फक्त मित्रांबरोबर, कधीतरी' ही सुरुवात असते. नियमित ओढणाऱ्यांत बहुतेकांनी पहिला झुरका विशीच्या आतच घेतलेला असतो. इलेक्ट्रॉनिक सिगारेटचे नवे फॅडही निर्धोक समजू नये. तिची विक्री आपल्या देशात २०१९ पासून कायद्याने बंद आहे.

सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ ही सरकारची निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे, हा क्रमांक पाकिटावरही छापलेला असतो. पहिले तीन-चार दिवस कठीण जातात. डोके दुखते, राग येतो, झोप बिघडते. चालकांनी हे दिवस लांबच्या भाड्याचे न निवडता सुट्टीचे निवडावेत. दिवसभरातच रक्तातील कार्बन मोनॉक्साइड उतरतो, काही आठवड्यांत जिना चढताना दम कमी लागतो, आणि वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका जवळजवळ निम्म्यावर येतो. घरच्यांनी या काळात टोमणे मारू नयेत. एखादी विडी मध्येच ओढली गेली तरी पुन्हा दुसऱ्या दिवसापासून सुरुवात करता येते.

राहता राहिले आपल्या संस्थेच्या हातातले. दीक्षाभूमी, चैत्यभूमी, अजिंठा-वेरूळ यांसाठी आपण दरवर्षी गाड्या ठरवितो. गाडी ठरविताना भाडे, डिझेल, टोल यांचे बोलणे होते, तसे तीन गोष्टींचेही व्हावे. रात्रीच्या प्रवासाला दुसरा चालक असावा आणि त्याचे पैसे आपण द्यावेत. दर दोन तासांनी पंधरा मिनिटे गाडी थांबवावी, चालकाला चहा आपल्याकडून, आणि ज्याला ओढायची असेल त्याने गाडीपासून वीस पावले दूर जाऊन ओढावी. चालत्या गाडीत मात्र कोणीही नाही, संस्थेचे पदाधिकारीसुद्धा नाहीत. दुसऱ्या चालकाचा खर्च सभासदांत वाटला तर पन्नास जणांच्या गाडीत माणशी फार येणार नाही. आकडा येत्या सर्वसाधारण सभेत खजिनदारांनी मांडावा, अशी विनंती आहे.